अकराच्या झाल्या पंधरा खुर्च्या

इतिहास म्हटला म्हणजे आपल्याला प्रथम आठवतात त्या लढाया, आणि लढायांमागून होणारे तह. पण जगाच्या इतिहासात अशाही काही घटना घडून गेल्या आहेत की ज्यांत ना बंदूक उडाली, ना कोणाचे सिंहासन उलथले. नुसते हात वर झाले, मते मोजली गेली, आणि थोडा का होईना पण जगाचा कारभार बदलला. अशा घटनांवर कोणी पोवाडा रचत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. अशाच एका घटनेची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. ती घडली १७ डिसेंबर १९६३ रोजी, न्यूयॉर्क शहरी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत. जगातल्या दुबळ्या देशांनी एकत्र येऊन बलाढ्यांच्या बैठकीत आपल्यासाठी चार जागा वाढवून घेतल्या, एवढीच ती गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, चार खुर्च्या वाढल्या यात एवढे विशेष ते काय? तेच तर पाहायचे आहे.

त्यासाठी जरा मागे, १९४५ सालात जाऊ या. दुसरे महायुद्ध संपत आले होते. पुन्हा असा संहार होऊ नये म्हणून सान फ्रान्सिस्को येथे राष्ट्रे जमली आणि २६ जून १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या झाल्या. संघाचे मूळचे सभासद ५१. यांत आफ्रिकेतले देश किती? अवघे चार : इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. त्यातही दक्षिण आफ्रिकेचे राज्य मूठभर गोऱ्यांच्या हाती होते. बाकीचा अफाट खंड युरोपीय सत्तांच्या अमलाखाली होता. मग त्याला विचारतो कोण? आपला देशही तेव्हा परतंत्रच होता. सनदेवर हिंदुस्थानची सही झाली खरी, पण ती करणारे प्रतिनिधी ब्रिटिश सरकारच्या मर्जीने गेलेले होते. विजयालक्ष्मी पंडित त्या वेळी सान फ्रान्सिस्कोला स्वतंत्रपणे गेल्या आणि ‘हे हिंदी जनतेचे प्रतिनिधी नव्हेत’ असे त्यांनी जगाला बजावले. याच विजयालक्ष्मीबाई पुढे १९५३ मध्ये आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या, आणि १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या.

संघाच्या रचनेत दोन मोठ्या सभा आहेत. एक आमसभा. तीत प्रत्येक देशाला एक मत. देश लहान असो की मोठा. दुसरी सुरक्षा समिती, जिला आज पुष्कळ लोक सुरक्षा परिषद म्हणतात. खरे वजन हिचे. युद्ध की शांतता, कोणावर निर्बंध घालायचे, कोठे फौजा पाठवायच्या, हे ही समिती ठरवते, आणि तिचा निर्णय सर्व देशांवर बंधनकारक असतो. या समितीत तेव्हा ११ जागा होत्या. पाच कायमच्या : अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. या पाचांना नकाराधिकार, म्हणजे बाकी सगळे ‘हो’ म्हणाले तरी यांतला एकटा ‘नाही’ म्हणाला की ठराव पडलाच. उरलेल्या सहा जागांवर आमसभा दोन-दोन वर्षांसाठी देश निवडून देई.

या सहा जागांची वाटणी कशी झाली हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९४६ मध्ये बड्या मंडळींनी आपसांत एक तोंडी समजूत करून घेतली. दोन जागा लॅटिन अमेरिकेला, म्हणजे मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतच्या, बहुतेक स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांना. एक पश्चिम युरोपला, एक पूर्व युरोपला, एक मध्यपूर्वेला आणि एक ब्रिटिश राष्ट्रकुलाला. झाल्या सहा. आता यात आफ्रिका कोठे आहे? नाही. मध्यपूर्व सोडून उरलेला आशिया कोठे आहे? तोही नाही. १९५० मध्ये स्वतंत्र भारत प्रथम या समितीत बसला तो आशियाच्या हक्काने नव्हे, तर राष्ट्रकुलाच्या खुर्चीवर. घर आपले, पण आत शिरायचे ते शेजाऱ्याच्या दारातून, असला तो प्रकार.

पुढे आशियातले देश भराभर स्वतंत्र होऊन संघात येऊ लागले. खुर्च्या मात्र तेवढ्याच. मग ओढाताण सुरू झाली. १९५५ मध्ये एका जागेसाठी फिलिपीन्स आणि युगोस्लाव्हिया यांच्यात इतकी रस्सीखेच झाली की छत्तीस वेळा मतदान घेऊनही निकाल लागेना. अखेर दोन वर्षांची मुदत अर्धी-अर्धी वाटून घेतली; एक वर्ष युगोस्लाव्हियाला, एक वर्ष फिलिपीन्सला. १९५९ मध्ये पोलंड आणि तुर्कस्तान यांचे तर बावन्न वेळा मतदान झाले, आणि तेथेही तोच तोडगा निघाला. एका भाकरीसाठी दोघा भुकेल्यांनी भांडावे आणि पंक्तीत अग्रभागी बसलेल्या पाचांनी ते शांतपणे पाहावे, अशी ही स्थिती होती.

याविरुद्ध पहिला मोठा एकत्रित आवाज उठला तो इंडोनेशियातील बांडुंग शहरी. १८ ते २४ एप्रिल १९५५ या काळात आशिया-आफ्रिकेतले २९ देश तेथे जमले. भारत, इंडोनेशिया, ब्रह्मदेश, सिलोन आणि पाकिस्तान हे या परिषदेचे निमंत्रक. तेथे साम्राज्यशाहीचा धिक्कार झाला, सहजीवनाची भाषा झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या अखेरच्या निवेदनात आणखी एक साधी व्यवहाराची गोष्ट होती : सुरक्षा समितीत आशिया-आफ्रिकेला पुरेसे प्रतिनिधित्व नाही, ते मिळाले पाहिजे. मागणी रास्त होती. पण नुसती मागणी रास्त असून जगाचा कारभार हलत नसतो.

का हलत नाही? कारण सनदेतच एक भक्कम कुलूप बसवलेले आहे. सनद बदलायची तर आमसभेतल्या एकंदर सभासदांपैकी दोनतृतीयांश मते पाहिजेत. एवढ्याने भागत नाही. पुढे दोनतृतीयांश देशांनी आपापल्या घरच्या कायद्याप्रमाणे तिला मान्यता द्यावी लागते, आणि त्यांत पाचही कायम सभासद असलेच पाहिजेत. म्हणजे कुलपाच्या किल्ल्या पाच, आणि पाचही बड्यांच्या कनवटीला.

अशात १९६० साल उजाडले. त्या एका वर्षात संघात १७ नवे देश दाखल झाले, आणि त्यांतले १६ आफ्रिकेतले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आशिया-आफ्रिकेच्या ४३ देशांनी मांडलेला वसाहती मुक्त करण्याचा ठराव आमसभेने ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला; नऊ देश तटस्थ राहिले. विरोधात हात वर करायला एकही देश धजला नाही. मे १९६३ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली, आणि त्या पहिल्याच बैठकीत संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेला योग्य जागा हवी, असा आग्रह धरला गेला.

आता जरा हिशेब मांडा. १९६३ च्या अखेरीस संघाचे सभासद होते ११३. त्यांची दोनतृतीयांश संख्या ७६. आशिया आणि आफ्रिका मिळून देश होत होते सुमारे ५८. म्हणजे निम्म्याहून अधिक, पण ७६ पुष्कळच दूर. उरलेली मते आणायची कोठून? युरोपकडून मिळण्याची आशा थोडी. राहिली लॅटिन अमेरिका. ती आणि कॅरिबियन बेटे मिळून देश होते बावीस. अठ्ठावन्न आणि बावीस मिळून ऐंशी. काम फत्ते!

पण कागदावरची बेरीज आणि माणसांची बेरीज सारखी नसते. लॅटिन अमेरिकेचे देश हे जुने सभासद. मूळच्या ५१ पैकी २० त्यांचेच होते. सुरक्षा समितीत त्यांना हक्काच्या दोन जागा मिळालेल्या होत्या. नवे भाऊ घरात आले की जुन्या भावाच्या मनात पाल चुकचुकते, तसे येथेही झाले. उद्या आफ्रिकेला जागा द्यायची तर ती आपल्यातूनच काढतील काय? तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदलीच पाहिजे. समितीच्या जागा वाढवाव्यात हा विषय १९५६ मध्ये आमसभेपुढे आणण्यात लॅटिन अमेरिकेच्याच देशांचा पुढाकार होता. आपले आहे ते टिकवायचे, पण दुसऱ्याला आडकाठी करायची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणून आधी घरातला हिशेब मिटवावा लागला. वाटाघाटी झाल्या, देवाणघेवाण झाली, आणि सर्वांना मान्य होईल असा तोडगा निघाला. समितीच्या जागा ११ ऐवजी १५. कायम पाच तशाच, आणि निवडून द्यायच्या जागा सहाऐवजी दहा. त्या दहांची वाटणी आता तोंडी समजुतीवर न सोडता ठरावातच लिहून टाकली : आशिया-आफ्रिका मिळून पाच, लॅटिन अमेरिका दोन, पश्चिम युरोप व इतर दोन, पूर्व युरोप एक. लॅटिन अमेरिकेचे काही गेले नाही, आणि आशिया-आफ्रिकेला आपल्या नावाची जागा मिळाली. त्याचबरोबर आर्थिक व सामाजिक समितीच्या जागाही १८ वरून २७ करण्याचे ठरले.

१७ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. बाजूने ९७, विरुद्ध ११, तटस्थ ४. पाच बड्यांनी काय केले पाहा. रशिया आणि फ्रान्स यांनी विरुद्ध मत दिले. अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. बाजूने मत पडले ते एकट्या चीनचे, आणि तेही तेव्हा चीनची खुर्ची सांभाळणाऱ्या फोर्मोसातल्या सरकारचे. रशियाचे म्हणणे असे की, जोवर पेकिंगच्या सरकारला चीनची खरी जागा मिळत नाही तोवर सनदेला हात लावू नये. कारण काहीही असो, पाचांपैकी चार जण त्या दिवशी बरोबर नव्हते, आणि कुलपाच्या किल्ल्या तर त्यांच्याच कनवटीला! ठरावात मान्यतेसाठी मुदत घातली होती १ सप्टेंबर १९६५ ची.

मग काय झाले? ज्यांनी विरोध केला, जे तटस्थ राहिले, त्यांनीच एकामागून एक मान्यता दिली. फेब्रुवारी १९६५ मध्ये रशियाने आपली संमती कळवली. मागोमाग इतर आले. सगळ्यांच्या शेवटी अमेरिकेची संमती दाखल झाली ती ३१ ऑगस्ट १९६५ रोजी, मुदत भरायला एक दिवस उरला असताना. त्याच दिवशी दुरुस्ती अमलात आली, आणि १ जानेवारी १९६६ पासून पंधरा जणांची समिती बसू लागली.

हे बडे देश एकाएकी उदार झाले काय? मला तसे वाटत नाही. तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्या चुरशीचा. नव्या देशांची मैत्री दोघांनाही हवी होती. ९७ देश एका बाजूला उभे असताना, ‘याच्यामुळे आपले काम अडले’ हा ठपका आपल्या माथी येऊ नये, अशी प्रत्येकाची धडपड होती. एकाने संमती दिली की दुसऱ्याला मागे राहणे कठीण. नकाराधिकार कागदावर होताच. पण तो वापरायची लाज वाटावी, एवढी एकजूट समोर उभी होती.

आता त्या चार खुर्च्यांची किंमत पाहा. पूर्वी अकरांत ठराव संमत व्हायला सात मते लागत. म्हणजे ठराव अडवायचा तर पाच जणांनी हात आखडता घ्यायला हवा. लॅटिन अमेरिकेच्या दोन, मध्यपूर्वेची एक आणि कधी राष्ट्रकुलाची एक अशा ओढूनताणून चार जागा होत. पाच भरतच नसत. नव्या रचनेत पंधरांत नऊ मते लागतात. म्हणजे सात जण गप्प बसले तर ठराव पडतो. आशिया-आफ्रिकेचे पाच आणि लॅटिन अमेरिकेचे दोन, किती झाले? बरोबर सात! पाचही महासत्ता एकवटल्या तरी हे सात एक राहिले तर त्यांच्या मनाविरुद्ध काही लादता येत नाही. नकाराधिकाराचा शिक्का एकेकाकडे नाही, पण सगळे मिळून तो त्यांच्याकडे आहे. मात्र अट एकच : सातांनी एक राहिले पाहिजे.

त्याची फळेही दिसली. नव्या समितीच्या पहिल्याच वर्षी, १६ डिसेंबर १९६६ रोजी, ऱ्होडेशियातल्या बेकायदा गोऱ्या राजवटीवर सक्तीचे आर्थिक निर्बंध घातले गेले. संघाच्या इतिहासात असे निर्बंध प्रथमच घातले गेले. त्यात पुढाकार ब्रिटनचा होता हे खरे, पण मागे रेटा आफ्रिकेचा होता. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकण्यावर सर्व देशांना सक्तीची बंदी झाली, तीही एकमताने.

पण मंडळी, खुर्ची मिळाली म्हणजे ताट भरले असे नव्हे. राजकारणाच्या सभेत एक देश एक मत. पैशाच्या सभेत तसे नाही. आपल्या गावची सहकारी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. तेथे कोणाचे शेअर दहा असोत की हजार, मत एकच. उलट कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कारभार या कंपनीच्या धर्तीवर चालतो. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांची जी परिषद भरली, तीत या निधीचा पाया घातला गेला. तेथे हिंदुस्थानतर्फे जे गेले होते त्यांत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. आपल्या रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले. तेथे अमेरिकेचा वाटा ठरला २७५ कोटी डॉलर, हिंदुस्थानचा ४० कोटी. ज्याचा वाटा मोठा त्याचा शब्द मोठा. आजही निधीतले मोठे निर्णय घ्यायला शंभरांत पंच्याऐंशी मते लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडे सोळांहून अधिक आहेत. म्हणजे तेथेही एक किल्ली वेगळीच राखून ठेवलेली आहे.

यावर दुबळ्या देशांनी काय केले? तोच मार्ग धरला. १९६४ च्या मार्चपासून जूनपर्यंत जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रसंघाची व्यापार व विकास परिषद भरली. तिचे सूत्रधार होते अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश. त्यांचे सांगणे शेतकऱ्याला लगेच पटेल असे होते. ते म्हणत, कच्चा माल विकणाऱ्याचा भाव पक्क्या मालाच्या मानाने कालांतराने पडत जातो. कापूस विकून कापड घेणाऱ्याला दर पिढीत तेवढ्याच कापडासाठी अधिक कापूस मोजावा लागतो. परिषद संपायच्या आदल्या दिवशी, १५ जून १९६४ रोजी, तीनही भूभागांतल्या ७७ देशांनी एकत्र निवेदन काढले. तोच ‘सत्त्याहत्तरांचा गट’. आज त्यात १३० हून अधिक देश आहेत, पण नाव तेच. या गटाच्या रेट्यामुळे १९६८ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत एक तत्त्व मान्य झाले, की गरीब देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी जकात कमी घ्यावी आणि बदल्यात तशीच सवलत मागू नये. १९७१ पासून ते अमलात येऊ लागले. मात्र कापड आणि शेतमाल यांना पुष्कळदा त्यातून वगळले गेले, हेही सांगितले पाहिजे. नेमका जो माल गरीब पिकवतो तोच दाराबाहेर.

आता शेवटी याच गोष्टीची दुसरी बाजू. २००५ मध्ये संघाला साठ वर्षे होत होती, आणि सुरक्षा समिती पुन्हा मोठी करण्याचा प्रयत्न झाला. सभासद तेव्हा १९१, दोनतृतीयांश म्हणजे १२८ मते हवी. भारत, ब्राझील, जपान आणि जर्मनी यांनी एक मसुदा मांडला : २५ जणांची समिती, सहा नव्या कायम जागा, त्यांतल्या दोन आफ्रिकेला, पण नकाराधिकार पंधरा वर्षे वापरायचा नाही. आफ्रिकेच्या देशांनी वेगळा मसुदा मांडला : २६ जणांची समिती, आणि नव्या कायम सभासदांना नकाराधिकार पहिल्यापासून. आफ्रिकेजवळ पन्नासावर मते. तिच्यावाचून कोणाचीच बेरीज १२८ पर्यंत पोचणार नव्हती. दोन्ही मसुदे जवळजवळ सारखे. तरीही ऑगस्ट २००५ मध्ये अदिस अबाबाच्या बैठकीत आफ्रिकी देशांनी तडजोड नाकारली. शिवाय ज्या देशांच्या शेजाऱ्याला कायम जागा मिळणार होती, त्यांचाही विरोध होताच. ठराव मताला टाकलाच गेला नाही. म्हणून संघाचे सभासद १९३ झाले तरी सुरक्षा समितीच्या खुर्च्या १९६६ मध्ये होत्या तेवढ्याच, पंधरा. ५४ देशांच्या आफ्रिकेला कायम जागा अजून एकही नाही.

१९६३ आणि २००५ ही दोन साले शेजारी शेजारी ठेवून पाहा. कुलूप तेच, किल्ल्या त्याच. न्याय दोन्ही वेळी मागणाऱ्यांच्याच बाजूचा. फरक एवढाच की पहिल्या वेळी मागणाऱ्यांनी दार ठोठावण्यापूर्वी आपसांतली वाटणी मिटवली होती, आणि दुसऱ्या वेळी ती मिटली नाही. पाच बड्यांना नकाराधिकार वापरायची वेळच आली नाही. मागणाऱ्यांच्या भांडणाने त्यांचे काम परस्पर झाले.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात पंधरा पाटांची रांग मांडा. पाच मुलांना कायमचे बसवा, बाकीच्या दहा जागा चार गटांत वाटा, आणि एखादा ठराव त्यांच्यापुढे ठेवा. नऊ मते कशी जमतात, आणि सात जण गप्प बसले तर काय होते, हे मुले अर्ध्या तासात शिकतील. मग पाटांची संख्या वाढवायला सांगा, आणि नव्या जागा कोणाला द्यायच्या हे त्यांनाच ठरवू द्या. तेथे जो वाद होईल, तोच वाद आज जगात चालू आहे.